खालची फळी

“पृथ्वी कोणाच्याही जावयासाठी थांबत नाही,” असं स्वल्पविरामाने छापखान्याच्या मशीनखोलीत, कागदाच्या रिमांमध्ये उभं राहून, दोन्ही हात वर करून जाहीर केलं. असं वाक्य माणसाला जन्मात एकदाच सुचतं. दुर्दैव एवढंच, की तासाभरापूर्वी त्याची खालची डावी दाढ निघाली होती, अर्धा जबडा बधिर होता आणि गालात कापसाचा बोळा होता. त्यामुळे जे बाहेर पडलं त्यावरून मशीनवाल्याचा समज झाला की भाऊंना तहान लागली आहे. त्याने पाणी आणून दिलं. ते बधिर ओठांवरून सगळं शर्टावर सांडलं. मग स्वल्पविरामाने हातातल्या कॅलेंडरच्या पाठीवर ते वाक्य लिहून दाखवायचं ठरवलं. लिहून झाल्यावर ‘पृथ्वी’ची वेलांटी आखूड पडलेली दिसली, म्हणून आधी ती दुरुस्त केली, समासात खूण केली, खुणेखाली सही केली. तोवर मशीनवाला तेलाची बुधली घेऊन दुसऱ्या मशीनकडे निघून गेला होता.

स्वल्पविराम हे अर्थातच त्याला कोणी बारशाला दिलेलं नाव नव्हतं. तेहतीस वर्षं प्रुफांवर वाकून वाकून त्याची पाठ त्या चिन्हासारखी झाली होती, आणि कोणाच्याही वाक्यात मध्येच येऊन थांबायची त्याला खोड होती. तोंडावर सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मागून काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, आणि त्याबद्दल तक्रार नव्हती. पूर्णविराम म्हणाले असते तर मात्र तो भांडला असता.

छापखाना कॅलेंडरांचा होता. भिंतीला लावायचं, एकपानी, लांबोडकं कॅलेंडर: वर गिऱ्हाइकाचं नाव आणि चित्र, खाली बारा महिने, दर ओळीत दोन, अशा सहा ओळी. दवाखाने, चष्म्याची दुकानं, मोटारी शिकवणारे, आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक टायरवाला, ज्याच्या कॅलेंडरावर दरवर्षी तोच एक काळाकुट्ट टायर बाराही महिन्यांच्या डोक्यावर बसलेला असे.

आता लोकांना वाटतं की कॅलेंडर दरवर्षी नवं असतं. तसं काही नसतं. जगाच्या अंतापर्यंत पुरतील अशी एकूण चौदाच कॅलेंडरं आहेत. वर्ष सात वारांपैकी कोणत्यातरी एका वाराला सुरू होणार, आणि ते एकतर साधं असणार नाहीतर लीप. सात दुणे चौदा. हे थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, फार पूर्वी ओळखलं आणि तारखांचे चौदा ब्लॉक करून घेतले: जस्ताचा पत्रा, त्यावर उठावाचे आकडे, आणि पत्रा सागाच्या फळकुटावर ठोकलेला. त्यांच्यासाठी दोन फळ्यांचं एक कपाट बनवलं. वरच्या फळीवर साधी सात वर्षं, खालच्या फळीवर लीप सात. वर्ष आलं की त्याचा ब्लॉक काढायचा, छापायचा, तेल लावून परत ठेवायचा. वरचा ब्लॉक अठ्ठावीस वर्षांत तीनदा बाहेर येई. खालच्याची पाळी अठ्ठावीस वर्षांत एकदा.

प्रत्येक ब्लॉकच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढं एक वर्तुळ होतं आणि त्यात टिंब. ती स्वल्पविरामाची खूण. त्याने चौदाही ब्लॉक आकड्यागणिक तपासले तेव्हा थोरले मालक म्हणाले होते की ज्याने तपासलं त्याची खूण पाहिजे, आणि स्वतः कोरणी घेऊन कोरली होती. गिऱ्हाइकांना ती माशीची करामत वाटे. स्वल्पविरामाला ती आपली मिळकत वाटे. त्याच्या मालकीचं दुसरं काही पाच-दहा हजार भिंतींवर लटकत नव्हतं.

येत्या फेब्रुवारीच्या शेवटी तो निवृत्त व्हायचा होता. येतं वर्ष लीप होतं, सोमवारी सुरू होणारं, आणि त्याचा ब्लॉक त्याने स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेलकागदात गुंडाळून खालच्या फळीवर ठेवला होता. खालच्या फळीवरचा, नोकरीत दुसऱ्यांदा हाताखालून जाणारा ब्लॉक. कित्येक वर्षांपासून त्याने मनात ठरवून ठेवलं होतं की याच्यावर हात ठेवायचा आणि घरी जायचं.

आणि नेमकी दाढ सुजली. तीन दिवस तो घरी पडून होता. तिसऱ्या दिवशी दाढ काढून घेतली, आणि बस छापखान्यावरूनच जाते म्हणून सहज उतरला. दारात टायरवाल्याच्या कॅलेंडरांचा गठ्ठा पडला होता. त्याने वरचं एक उचललं आणि सवयीप्रमाणे शेवटून वाचायला घेतलं. कॅलेंडर तो नेहमी उलटं वाचायचा, कारण सुरुवात सगळेच तपासतात. साधं वर्ष ज्या वाराला सुरू होतं त्याच वाराला संपतं, लीप वर्ष एक वार पुढे जाऊन संपतं. म्हणजे एकतीस डिसेंबरला मंगळवार हवा. तिथे सोमवार होता. त्याची नजर ओळीओळीने वर सरकत फेब्रुवारीपर्यंत गेली. अठ्ठावीस. पुढची जागा कोरी.

कपाट उघडलं तर खालच्या फळीवर जावईबापूंचं हेल्मेट, छत्री आणि पाण्याची बाटली होती.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. वर्षभरापूर्वी त्यांनी छापखान्यात लक्ष घालायला सुरुवात केली होती, आणि एखाद्या गोष्टीत त्यांनी लक्ष घातलं की ती गोष्ट सहसा दिसेनाशी होई. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका होता, आणि त्याहून मोठं संकट नसतं. त्यांनी कपाटातली प्रत्येक वस्तू शेवटची कधी वापरली याची चौकशी केली. वरच्या फळीचं उत्तर आलं गेल्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी. खालच्या फळीचं आलं चार वर्षांपूर्वी, सोळा वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांपूर्वी. अठ्ठावीस वर्षं कोणी हात लावला नाही ती वस्तू अडगळ, हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. सातही ब्लॉक भंगारात गेले. मग टायरवाल्याची घाई झाली तेव्हा त्यांनी येत्या वर्षाचा पहिला वार पाहिला, वरच्या फळीवरून सोमवारी सुरू होणारा ब्लॉक काढला, एक जानेवारीवर बोट ठेवून खात्री केली आणि मशीन सुरू करायला सांगितलं. स्वल्पविराम पोचला तेव्हा पाच हजार छापून झाली होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात ते मोहरीएवढं वर्तुळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जबडा जागा झाल्यावर, तो मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालक पन्नाशीचे, मऊ मनाचे. जो शेवटचा बोलून बाहेर पडेल त्याच्याशी ते सहमत असत. कॉलेजात असताना ते स्वल्पविरामाच्या टेबलाशी बसून अभ्यास करत आणि अजून त्याला काका म्हणत. जावईबापू बाजूच्या खुर्चीत बसले होते आणि बाहेर पडायची कसलीही चिन्हं दाखवत नव्हते.

स्वल्पविरामाने काचेच्या गोळ्याचा पेपरवेट टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला की हा सूर्य. मालकांचं खोडरबर उचललं आणि म्हणाला की ही पृथ्वी. मग बिलांवरून, पाकिटांवरून, चहाच्या कपाला वळसा घालून त्याने खोडरबर सरकवायला सुरुवात केली. पृथ्वी निघाली ती एक जानेवारीला इथून. आपण तीनशे पासष्ट दिवस मोजले आणि वर्ष संपलं म्हणून मोकळे झालो. पण पृथ्वी कुठे आहे? त्याने खोडरबर निघाल्या जागेच्या बोटभर अलीकडे थांबवलं. ती अजून पोचलेलीच नाही. तिला आणखी जवळजवळ सहा तास लागतात. पुढच्या वर्षी बारा तास मागे, त्याच्या पुढच्या वर्षी अठरा, आणि चौथ्या वर्षी अख्खा एक दिवस. तो दिवस फेब्रुवारीच्या शेपटीला जोडायचा, तिला पोचू द्यायचं, मग पुढे निघायचं. हा दिवस कोणी हौस म्हणून घातलेला नाही. नाही घातला तर शंभर वर्षांत कॅलेंडर चोवीस दिवस पुढे पळेल, आणि साडेसातशे वर्षांत जिथे थंडी पडायची त्या महिन्यात लोक घाम पुसत बसतील.

मालकांनी खोडरबराकडे बराच वेळ पाहिलं. साडेसातशे वर्षं म्हणजे तसा वेळ आहे आपल्या हातात, असं ते म्हणाले.

तेवढ्यात जावईबापूंनी फोनमध्ये काहीतरी वाचलं. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं की काका, शतकाच्या वर्षाला मात्र हा दिवस घालत नाहीत म्हणे, ते खरं का. स्वल्पविराम खोटं बोलू शकत नव्हता, ही त्याची कायमची अडचण होती. त्याने सांगितलं की ते पुरते सहा तास नाहीत, सहाला अकरा मिनिटं कमी आहेत. दर चार वर्षांनी पूर्ण दिवस घातला की थोडं जास्त होतं, म्हणून शतकाच्या वर्षाला गाळतात, पण चारशेने भाग गेला तर पुन्हा घालतात.

“म्हणजे सवलत आहे,” जावईबापू म्हणाले.

“सवलत नाही. गणित आहे.”

“कधी घालतात, कधी गाळतात. आपण यंदा गाळला.”

मालकांनी मान डोलावली. स्वल्पविरामाची कानशिलं तापली. दाढ गेली त्या खड्ड्यात ठणका सुरू झाला. हजारो वर्षं माणसांनी गच्चीवर झोपा मोडून, मान वर करकरून जे शोधलं, त्याची इथे चहाच्या कपाशेजारी सवलत झाली होती.

“बरं काका,” मालक समजुतीने म्हणाले, “एका दिवसाने कोणाचं काय बिघडतं?”

“एक नाही. एक मार्चपासून पुढचे तीनशे सहा दिवस चुकलेत. त्यातला एकही वार खरा नाही.”

“फेब्रुवारीपर्यंत तर सगळं बरोबर आहे ना?” जावईबापूंनी विचारलं. तोवर कॅलेंडर भिंतीवर चढलेलं असतं, आणि चढलेलं कॅलेंडर कोण उतरवतो? मग ते आणखी गोड आवाजात म्हणाले, “आणि विचारलंच कोणी, तर खाली खूण तुमची आहे, काका.”

स्वल्पविरामाने खोडरबर जागेवर ठेवलं. तेहतीस वर्षांत त्याने महिना उलटा छापला जाताना धरला होता, दोन शनिवार असलेला आठवडा धरला होता, एकदा तर एकतीस दिवसांचा जून धरला होता. आणि जी एक चूक त्याने केली नाही तीच त्याच्या नावावर पाच हजार भिंतींवर लागणार होती. निवृत्तीनंतर. रस्त्याने जाताना कोणत्याही दुकानात डोकावलं की दिसेल अशी. तो काही न बोलता बाहेर पडला, त्यामुळे मालक साहजिकच जावईबापूंशी सहमत झाले.

जेवणाच्या सुट्टीत तो भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याला ब्लॉक चांगले आठवत होते. जस्त त्याच दिवशी भट्टीला गेलं होतं. फळकुटं लाकूड म्हणून वेगळी काढली होती. सहा कोणीतरी नेली होती आणि सातवं चार विटांवर ठेवून त्याचं बाक केलं होतं, त्यावर भंगारवाला आत्ता बसला होता. स्वल्पविरामाने त्याला उठवलं. फळकूट उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीने, त्याच्याच तरण्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वापरला. तेल लावलं. आता अठ्ठावीस वर्षांनी.’

ते फळकूट बगलेत मारून तो संध्याकाळी घरी गेला आणि शिवणाच्या मशीनशेजारी आपटून बसला. बायको लोकांचे कपडे शिवायची. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे पहिली दहा मिनिटं त्याला बिनविरोध बोलता आलं. त्याने सूर्यापासून सुरुवात केली आणि हेल्मेटपर्यंत आला. जावई, मालक, टायरवाला, दाढ काढणारा डॉक्टर, कोणालाही सोडलं नाही.

टाचण्या काढल्यावर ती म्हणाली की सगळ्या गावाला कॅलेंडर पुरवणाऱ्या माणसाच्या घरात एक कॅलेंडर नाही, आणि निघाले पृथ्वीला पोचवायला. हे खरं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने एक आणून लावलं होतं. मग तो जेवताना घास हातात धरून उठायचा, सप्टेंबरचा तिसरा आठवडा तपासायचा आणि परत येऊन बसायचा. रात्री दिवा लावून नोव्हेंबर पाहायचा. तिसऱ्या महिन्यात तिने ते उतरवून शेजारणीला दिलं, आणि तेव्हापासून आजची तारीख काय हे ती शेजारणीलाच विचारत आली होती.

“आता घरीच बसणार आहात ना? मग आणा एक. मला रोज शेजारी जायला लाज वाटते.”

तो म्हणाला की इथे माझी अब्रू चालली आहे. ती म्हणाली की ते ऐकलं, आणि हातातला झगा उलटा करून त्याला दाखवला. वरचा भाग एका कापडाचा, खालचा दुसऱ्या. गिऱ्हाइकाचं कापड पुरलं नाही, म्हणून कमरेत जोड दिला होता. “तुमच्या या वर्षालाही कमरेतच जोड हवाय ना? मग दोन जुन्यांमधून काढता येत नाही का?”

स्वल्पविरामाने झग्याचा जोड बोटाने चाचपून पाहिला. मग त्याने फळकुटावरच पेन्सिलीने मांडणी केली. जानेवारी-फेब्रुवारी सोमवारी सुरू होणाऱ्या साध्या वर्षाचे. मार्चपासून डिसेंबर मंगळवारी सुरू होणाऱ्या साध्या वर्षाचे, कारण त्यात सगळं एक वार पुढे. मध्ये एक एकोणतीस. दोन्ही ब्लॉक वरच्या फळीवर शाबूत होते. पहिल्या ओळीखाली सरळ कापायचे, जोडायचे, काम झालं की पुन्हा आपापल्या जागी. तेहतीस वर्षं त्याने लीप वर्षाकडे आदराने पाहिलं होतं, आणि ते दोन साध्या वर्षांना ठिगळ लावून होत होतं. याचाही त्याला जरा राग आला.

पण ब्लॉक करता येणं वेगळं आणि मालकांनी पाच हजार कागद रद्द करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा केबिनमध्ये गेला आणि पुन्हा तसाच बाहेर आला. या वेळी खोडरबर मालकांनी आधीच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

प्रकरण फिरवलं ते मशीनवाल्याने. त्याला सगळे वंगण म्हणत, कारण त्याच्या अंगाला तो वास होता, आणि कारण कुठेही खडखड झाली की तो दोन थेंब टाकून ती बंद करायचा. त्याने टायरवाल्याचं कॅलेंडर शांतपणे मशीनखोलीच्या भिंतीवर लावलं. दुपारी मालक फेरी मारायला आले तेव्हा तो मार्चच्या तांबड्या आकड्यांकडे बोट दाखवत म्हणाला की साहेब, एक विचारायचं होतं. या कॅलेंडरात मार्चपासून रविवार खऱ्या सोमवारी पडतोय.

मालक म्हणाले की ते किरकोळ आहे.

“किरकोळच आहे. पण सुट्टी कधीची धरायची? कॅलेंडर आपलंच आहे, त्यात तांबडं आहे ते पाळायला पाहिजे. आणि बाहेर खरा रविवार असतो, बायकापोरं घरी असतात, तोही सोडता येणार नाही.” त्याने कापडाने हात पुसले. “आम्ही सगळ्यांनी बोलून ठरवलंय. कुरकुर नाही आमची. दोन्ही पाळू.”

मशीनखोलीतल्या सगळ्या माना एकदम गांभीर्याने हलल्या. डिसेंबरपर्यंत आठवड्याला दोन सुट्ट्या, आणि त्याही छापील. मालक तिथेच एका रिमावर बसले. सूर्य, पृथ्वी आणि साडेसातशे वर्षं ज्यांना हलवू शकली नाहीत, ते दोन रविवारांनी अर्ध्या मिनिटात हलले. ते उठले, केबिनचं दार उघडलं आणि जावईबापूंना म्हणाले की काका म्हणतात ते बरोबर आहे. एक दिवस म्हणजे चेष्टा नाही.

स्वल्पविरामाला ही बातमी वंगणाने आणून दिली. तो आनंदी होईल अशी त्याची अपेक्षा होती. स्वल्पविराम उलट जास्तच भडकला. त्याचं म्हणणं होतं की ही जिंकायची रीत नव्हे. त्याला खरं म्हणून ऐकायला हवं होतं, सुट्टी म्हणून नव्हे. वंगण म्हणाला, “भाऊ, तुम्ही बरोबर होतात म्हणून नाही ऐकलं, हे खरं. पण तुम्ही बरोबर होतात, हेही खरंच राहिलं ना? करवत आणू का?”

करवत आणली. दोन ब्लॉक कापले, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्याच सागाच्या फळकुटावर जोडून ठोकले. राहिला एकोणतीस. थोरल्या मालकांच्या वळणाचे आकडे आता कुठेच मिळत नव्हते. शेवटी नव्या टायपातले दोन आणि नऊ घेऊन तिथे बसवले. ते बाकीच्यांपेक्षा जरा जाड पडले. सगळा फेब्रुवारी सडपातळ आणि शेवटी हा एक जेवून उठलेला एकोणतीस. दुसऱ्या कोणी केलं असतं तर स्वल्पविरामाने ते प्रूफ फाडून टाकलं असतं. त्याने डिसेंबरच्या एकतीसपासून उलटं वाचत जानेवारीच्या एकपर्यंत मजल मारली, मंगळवार ते सोमवार, आणि ते छापायला वंगणाच्या हातात दिलं.

मालकांनी एक अट घातली. कागद वाया जाता कामा नये. म्हणून चुकलेल्या पाच हजारांच्या पाठीवरच खरं वर्ष छापायचं, आणि चुकलेलं वर्ष भिंतीकडे तोंड करून उभं राहील. स्वल्पविरामाने आपलीही एक अट घातली. भिंतीकडे का होईना, त्याची खूण खोट्या वारांखाली राहणार नाही. मग दहा दिवस तो कोपऱ्यात बसून तांबड्या पेनने पाच हजार वर्तुळांवर गाळण्याची खूण करत होता. रेघ आणि तिला वेटोळी शेपटी. भिंतीच्या आणि कागदाच्या मधल्या अंधारात जे कोणालाच कधी दिसणार नव्हतं. जावईबापू दोनदा येऊन पाहून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वतःचं पेन काढलं, समोर बसले आणि सहाशे केली. त्यांच्या शेपट्या सरळ येत होत्या. स्वल्पविरामाने त्या सगळ्या पुन्हा वळवल्या.

खालच्या फळीवरून हेल्मेट निघालं. तिथे नव्या वर्षात एकच ब्लॉक आला, कारण काम झाल्यावर स्वल्पविरामाने त्याचा ठसा देऊन एक अखंड ब्लॉक करवून घेतला. जाड एकोणतीसही त्यात तसाच आला. त्याच्या समोर जावईबापूंनी टंकलेखन करून चिठ्ठी लावली: ‘अठ्ठावीस वर्षांतून एकदा. हात लावू नये.’ उरलेल्या सहांचं पुढे पाहू, असं मालक म्हणाले. चार वर्षांनी.

सगळं मिटलं असं वाटलं तेवढ्यात फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच्या टेबलावर निवृत्तीचं पत्र आलं. शेवटचा दिवस: अठ्ठावीस फेब्रुवारी. पत्राचा नमुना जुना होता, आणि त्यात फेब्रुवारीला दुसरी तारीखच नव्हती. स्वल्पविराम पत्र घेऊन केबिनमध्ये शिरला. मालक ओशाळले, पण म्हणाले की काका, चांगलंच आहे की, एक दिवस आराम करा. एवढी वर्षं राबलात. एक दिवस आधी घरी गेलात तर कोण काय म्हणणार आहे?

“तो दिवस मी आणलाय,” स्वल्पविराम म्हणाला.

त्याने पत्रावरच्या अठ्ठावीसमधल्या आठावर रेघ मारली, वेटोळी शेपटी काढली, समासात नऊ लिहिला, खाली वर्तुळ काढून टिंब दिलं आणि पत्र परत केलं. मालकांनी ते जसंच्या तसं फाइलला लावलं.

एकोणतीस तारखेला, गुरुवारी, तो वेळेआधी दहा मिनिटं आला. करायला काम काही नव्हतं. येत्या वर्षाची कॅलेंडरं फेब्रुवारीत कोणी छापत नाही. तो टेबलाशी बसला, पेन्सिलींना टोकं केली आणि दिवसभर तो दिवस जाताना पाहिला. संध्याकाळी मशीनं थांबवली आणि सगळे मशीनखोलीत जमले. मालक रिमावर चढून बोलले. काकांनी आपल्याला शिकवलं की काळाशी खोटेपणा चालत नाही. पृथ्वी कोणासाठी थांबत नाही, असं काकांनी कॅलेंडराच्या पाठीवर लिहिलेलं वाक्य ते म्हणाले, आणि जावईबापूंकडे पाहून त्यातला ‘जावई’ गिळला. आजचा हा दिवस सूर्याने दिला आणि काकांनी राखला. वंगणाने नाक शिंकरलं. जावईबापूंनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या बराच वेळ थांबेनात.

मग मालक रिमावरून उतरले, स्वल्पविरामाचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले की काका, आज नाही म्हणायचं नाही. मागाल ते. सगळ्यांना माहीत होतं तो काय मागणार. उरलेले सहा ब्लॉक. जावईबापूंनी तर नव्या जस्ताची चौकशीही करून ठेवली होती.

स्वल्पविरामाने एकदा कपाटाच्या खालच्या फळीकडे पाहिलं. मग तो मालकांच्या कानाशी वाकला. तसा तो वाकलेलाच असे. हळू आवाजात, जरा संकोचून, तो म्हणाला:

“घरी न्यायला एक कॅलेंडर मिळेल का? शक्यतो टायरचं नको.”